आज रात्री आकाश लाल होणार का?

१० मे २०२४. अक्षय्य तृतीयेचा दिवस. घरात पुरणपोळी-आमरसाचा बेत, पाहुण्यांची ये-जा, त्यात लोकसभेचं मतदान तीन दिवसांवर आलेलं, त्यामुळे दारावरून प्रचाराच्या गाड्यांचा दिवसभर कलकलाट. रात्री भांडी आवरून अंथरुणाला पाठ टेकली ती सकाळीच जाग आली. चहाचं आधण ठेवलं, सहज मोबाईल बघितला, तर इंग्लंडमधल्या भाचीचे सात-आठ फोटो आलेले. तिच्या घरामागचं छोटंसं अंगण, कपडे वाळत घालायची दोरी, आणि वर अख्खं आकाश गुलाबी-हिरवं! खाली लिहिलं होतं, "मावशी, नॉर्दर्न लाईट्स! आमच्या घरातून दिसले. सगळी गल्ली गाऊनवरच रस्त्यावर आलीये!"

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'ध्रुवीय प्रकाश' असे दोन शब्द वाचले होते, तेवढीच काय ती ओळख. मी कौतुकाने फोटो आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकले आणि कामाला लागले.

दुपारपर्यंत त्याच ग्रुपवर दुसरंच काही येऊन पडलं. कोणी लिहिलं, कुठून आलं, पत्ता नाही. सूर्यावर वादळ झालंय, आज रात्री आपल्याकडेही आकाश लाल होणार, विषारी किरणं येणार, मोबाईल बंद ठेवा, घराबाहेर पडू नका, गरोदर बायकांनी तर खिडकीसुद्धा उघडू नका. मग फोन सुरू झाले. "ताई, खरंच दिसणार का हो आज? गच्चीवर जायचं का?" असं विचारणाऱ्या थोड्या. "ताई, काही होणार नाही ना?" असं विचारणाऱ्याच जास्त.

संध्याकाळी आंबेगाव तालुक्यातल्या एका आशाताईंचा फोन आला. घोड नदीकाठच्या एका गावात आठव्या महिन्यातल्या सुनेला सासूने दिवस मावळायच्या आधीच खोलीत बसवलं होतं. दारं-खिडक्या बंद, वर गोधडी, आणि ग्रहण पाळतात तसं पाणीसुद्धा नाही. मे महिन्याचा उकाडा, त्यात दुपारी वीज गेलेली. "पोरीला चक्कर येतीय ताई, पण सासूबाई माझं ऐकत नाहीत," आशाताई रडकुंडीला आल्या होत्या.

आता मला तरी कुठे काय कळत होतं? मी बी. ए. मराठीवाली. आमच्या ओळखीचे विज्ञानाचे एक निवृत्त सर आहेत, त्यांना फोन लावला. सरांनी पंधरा मिनिटांत जे समजावलं, त्याच्या जोरावर ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्या गावाला गेले. सरांनी तेव्हा सांगितलेलं आणि नंतर मी आवडीने मिळवून वाचलेलं, ते आज तुमच्यासाठी लिहिते आहे. कारण हे मेसेज पुन्हा येणार आहेत, आणि तेव्हा तुमच्याकडेही कोणीतरी विचारायला येणार आहे.

मैत्रिणींनो, हा प्रकाश आज दिसेल का हे ठरवायला चार गोष्टी बघाव्या लागतात. स्वयंपाकासारखंच आहे. एक जिन्नस नसला की पदार्थ बिघडला.

पहिली गोष्ट, सूर्यावर काही घडलं आहे का? सूर्यावर काळे डाग येतात. त्यांच्या आसपास मोठे स्फोट होतात आणि विजेचा भार असलेल्या कणांचे प्रचंड लोट बाहेर फेकले जातात. हे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि कमी होतात. मे २०२४ मध्ये दिसलेला डागांचा पुंजका पृथ्वीच्या पंधरा पट रुंद होता.

दुसरी गोष्ट, तो लोट आपल्याकडे येतो आहे का? सूर्य चहूकडे उधळत असतो, सगळंच काही आपल्या वाट्याला येत नाही. आलाच तर इथे पोचायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून शास्त्रज्ञ एक-दोन दिवस आधी 'शक्यता आहे' एवढं सांगू शकतात. पक्कं कळतं ते मात्र ऐनवेळी. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर काही याने पहारा देत असतात. लोट आधी त्यांच्यावरून जातो आणि मग आपल्याला पंधरा मिनिटं ते तासभर आधी वर्दी मिळते. आपल्या भारताचं 'आदित्य एल-१' ६ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यावरची सूर्याचे फोटो काढणारी एक दुर्बीण तर आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केलेली आहे, हे वाचून मला फार अभिमान वाटला.

तिसरी गोष्ट, वादळाचा जोर किती? त्यासाठी ० ते ९ असा एक आकडा असतो, त्याला 'केपी' म्हणतात. नॉर्वेच्या उत्तर टोकाला दोन-तीन असला तरी प्रकाश दिसतो. इंग्लंडच्या दक्षिणेत सात-आठ लागतो. १० मेच्या रात्री तो ९ वर गेला. इतकं जोराचं वादळ २००३ नंतर पहिल्यांदाच आलं होतं. शिवाय त्या लोटासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असावी लागते. ती उत्तरेकडे असली तर पृथ्वीचं चुंबकीय कवच दार घट्ट लावून घेतं आणि मोठ्या वादळातसुद्धा फारसं काही दिसत नाही.

चौथी गोष्ट, आपण कुठे उभ्या आहोत? हे कण पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांभोवती उतरतात. आपलं जुन्नर १९ अंश उत्तरेला, म्हणजे तिथून फारच लांब. भारतात त्या रात्री हा प्रकाश टिपला गेला तो लडाखमधल्या हानले इथे, साधारण ३३ अंश उत्तरेला. तिथे साडेचार हजार मीटर उंचीवर आपली वेधशाळा आहे. तिथेसुद्धा भाचीसारखं अख्खं आकाश रंगलं नाही. उत्तरेला क्षितिजाजवळ लालसर झाक तेवढी आली. ती लालच का? हिरवा प्रकाश जमिनीपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर होतो आणि लाल त्याहून वर, दोनशे किलोमीटरच्या पुढे. लांबून बघणाऱ्याला फक्त वरचा भाग दिसतो. नारायणगावाकडून येताना शिवनेरीचा आधी माथाच दिसतो, पायथ्याची झाडी दिसत नाही, तसंच हे. त्यात ढग, चांदणं आणि गावातले दिवे हे तीन वैरी वेगळेच. १० मेला अमावस्या होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणून आकाश काळंभोर होतं.

मग आपल्या महाराष्ट्रात हा प्रकाश कधीच दिसला नाही का? दिसला आहे! ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री चक्क मुंबईतून तो अंधूकसा दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती. मुंबई ते एडन समुद्राखालच्या तारेवरचे संदेशही त्या वादळात बिघडले होते. त्याच्याही आधी, सप्टेंबर १८५९ मध्ये, त्याहून प्रसिद्ध वादळ आलं. त्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांनी केली आणि ती नोंद जगभरचे शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी या नाजूक उपकरणांत गडबड होईल, म्हणून १९०४ साली ती कामं अलिबागला हलवली. अलिबागला आपण समुद्र बघायला जातो, पण तिथे शंभराहून जास्त वर्षं पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात आहेत, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत होतं?

आणि लांब कशाला, आपल्या खोडदची जीएमआरटी! ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी रानात उभ्या आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी मुलांना घेऊन आपण तिथे जातो, भेळ खाऊन परत येतो. ती जागा निवडताना बघितलेल्या गोष्टींपैकी एक अशी, की चुंबकीय विषुववृत्तापासून हा भाग पुरेसा उत्तरेला आहे, त्यामुळे इथलं वरचं वातावरण तुलनेने शांत असतं. ज्या शांतपणामुळे त्या दुर्बिणी आपल्याकडे आल्या, तोच तुमच्या-माझ्या घरावरही आहेच की!

आता त्या घराकडे येते. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. चेहरा घाबरलेला. मनातून दुष्टपणा काही नव्हता. मी शेजारी बसले. म्हटलं, "मावशी, काल रात्रीच ते वादळ येऊन गेलं. सगळ्यात मोठं तेच होतं. काल रात्री तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? उकडत होतं म्हणून अंगणात बाज टाकून निजलो होतो."

"आणि सूनबाई?"

"ती पण तिथंच."

"मग काही झालं का?"

मावशी गप्प बसल्या. मी सांगितलं, की सूर्याचे ते कण जमिनीवर आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. पृथ्वीचं चुंबकत्व आणि ही वरची हवा, दोन्ही मिळून त्यांना वरच अडवतात. अशा वादळाने उपग्रह बिघडतात, रेडिओ खरखरतो, कधी वीज जाते. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडात ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. पण पोटातल्या बाळाला त्याचं काही होत नाही. बाळाला खरा धोका आहे तो आईच्या तहानेचा.

मावशी उठल्या. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, माठातलं पाणी तांब्यात काढलं आणि खोलीचं दार उघडलं. पोर घामाने निथळत होती. घटाघटा तांब्या रिकामा केला तिने. मग आशाताईंनी तिला साखर-मीठ-पाणी दिलं, रक्तदाब बघितला. आम्ही तिची बाज अंगणात टाकली. आठ-साडेआठ झाले असतील. वळवाचे ढग होते, आकाशात धड चांदणीही दिसत नव्हती. मावशी वर बघून म्हणाल्या, "एवढंच व्हय? लाल तर काहीच नाही." सगळ्याच हसलो.

पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

गंमत म्हणजे, त्या शनिवारी रात्री भाचीसुद्धा पुन्हा अंगणात जाऊन बसली होती. आजही दिसण्याची शक्यता आहे, असं तिकडे सांगितलं होतं. शेजारणी थर्मासमधून चहा घेऊन आल्या. दोन वाजेपर्यंत बसल्या, काही दिसलं नाही. मी तिला म्हटलं, "म्हणजे तुमचे शास्त्रज्ञ चुकले की!" ती म्हणाली, "चुकले नाहीत मावशी. ते 'शक्यता' म्हणाले होते, 'नक्की' म्हणाले नव्हते."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. कोट्यवधींची याने आकाशात ठेवणारी माणसं 'कदाचित' म्हणतात, आणि नाव-गाव नसलेला मेसेज मात्र मिनिटासकट वेळ सांगतो! तेव्हा पुढच्या वेळी असा मेसेज आला की पुढे ढकलण्याआधी एवढंच बघा. पाठवणाऱ्याचं नाव आहे का? तारीख आहे का, की नुसतंच 'आज रात्री'? कुठल्या देशासाठी आहे? आणि घाबरवून तुमच्याकडून काही बंद करून घेतो आहे का? उत्तरं मिळाली नाहीत तर तो मेसेज तुमच्यापाशीच थांबवा.

आणि आकाश बघायची हौस असेल तर आपल्यालाही बघण्यासारखं पुष्कळ आहे. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्का पडताना दिसतात. त्यासाठीही असाच अंदाज घ्या. कालनिर्णयात चंद्र किती वाजता मावळतो ते बघा, ढग-धुकं बघा, अंगणातला दिवा बंद करा आणि डोळ्यांना अंधाराची वीस मिनिटं सवय होऊ द्या. आपल्या भागात बिबट्याची भीती खरी आहे, तेव्हा शेतात किंवा अंगणात नको, गच्चीवरच जा आणि चौघी-पाच जणी मिळून जा. गेल्या डिसेंबरात आमच्या गटाच्या बायका गोधड्या घेऊन अशाच बसल्या होत्या. तासाभरात अकरा उल्का मोजल्या.

त्यात त्या मावशीही होत्या, नातीला मांडीवर घेऊन.