होडीवरच्या टेबलाला व्हार्निश कसे देतात
(इयत्ता ४ थी)

आमचे गाव खाडीकाठी आहे. काकांच्या मच्छीमार होडीच्या केबिनमध्ये सागवानी टेबल आहे. तांडेल त्यावर वही ठेवतो, खलाशी त्यावरच जेवतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. २०२५ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै होती. पण टेबलाचे काम होडी शाकारायच्या आधी, मे महिन्यातच उरकतात. दमट हवेत व्हार्निश सुकत नाही, बोटाला चिकटतच राहते.

आधी टेबल सोडवून गोड्या पाण्याने धुवायचे. मीठ राहिले तर ते हवेतला ओलावा ओढून घेते. मग सावलीत वाळवायचे. कडक उन्हात ठेवले तर फळी वाकते.

जुने व्हार्निश पॉलिश पेपरने घासून काढतात. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. लाकडाच्या रेघांच्या दिशेनेच घासायचे, आडवे घासले की ओरखडे उठतात आणि व्हार्निशखाली ते जास्तच दिसतात! सागात मूळचे तेल असते, म्हणून नंतर टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसतात.

घरातल्या खुर्चीला लाखेचे पॉलिश चालते. होडीवर नाही. पाणी सांडले किंवा गरम चहाचा कप ठेवला की पांढरे डाग पडतात. होडीचे व्हार्निश वेगळे मिळते, ते ऊनपाणी सोसते. डबा हलवायचा नाही, बुडबुडे येतात, काडीने ढवळायचे. पहिल्या हाताला टर्पेंटाईन घालून पातळ करतात, म्हणजे ते लाकडात मुरते. असे ४-५ पातळ हात देतात. दोन हातांत निदान एक दिवस जाऊ द्यावा लागतो, आणि दर वेळी बारीक पेपर हलकेच फिरवून धूळ पुसतात. आजोबा म्हणतात, "अरे, जाड हात देणारा आळशी."

पुष्कळ लोक टेबलाची खालची बाजू तशीच सोडतात, दिसत नाही ना! पण पाणी तिथूनच शिरते. फळीच्या कापलेल्या टोकांतून तर फारच शिरते. तिथे एक हात जास्त द्यावा.

मित्रांनो, एक गोष्ट घरी जरूर सांगा. जवसाच्या तेलाच्या व्हार्निशच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेने सुकताना तापते आणि काडी न लावता चिंधी पेट घेते. आमच्याकडे त्या पाण्याच्या बादलीत बुडवतात.

टेबल परत बसवताना स्क्रू पितळी घेतात. लोखंडी गंजतात आणि सागावर काळे ओघळ उठतात.