चढलात? आता उतरून दाखवा!

बालदोस्तांनो, अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली आहे का? इमारतींच्या गर्दीत उभा असलेला काळ्या बसाल्ट खडकाचा हा सरळसोट सुळका सुमारे ६१ मीटर उंच आहे. खडकातल्या पायऱ्या चढून वरच्या गावदेवीच्या देवळापर्यंत जाताना चांगलीच धाप लागते. आता अशा २७ टेकड्या एकावर एक रचल्या तर? तेव्हा कुठे कळसूबाईची उंची भरेल! १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर.

मुलुंड-घाटकोपरची कितीतरी मंडळी रात्रीची कसारा लोकल पकडतात, पुढे गाडीने अकोले तालुक्यातल्या बारी गावाला पोहोचतात आणि बॅटरीच्या उजेडात डोंगर चढू लागतात. लोखंडी शिड्या चढून उजाडायच्या आत माथ्यावरच्या देवळापाशी हजर!

झोपमोड करून हा खटाटोप कशाला? सूर्योदय पाहायला, हे तर झालंच. पण आणखी एक कारण आहे. जमीन रात्रभर उष्णता सोडत असते, त्यामुळे पहाटेची हवा सर्वांत गार असते. आणि चढताना आपलं शरीर म्हणजे भट्टीच! स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, त्यातली साधारण पाव हिस्साच कामी येते. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून तर साताऱ्याची हिल मॅरेथॉनही सकाळी लवकर सुटते. २०१२ पासूनची ही २१ किलोमीटरची शर्यत. यवतेश्वरचा घाट धावत चढायचा आणि धावतच उतरायचा!

अशा मंडळींना दुसऱ्या दिवशी विचारा, "पाय कशाने दुखले हो?" बरेच जण म्हणतील, "उताराने!" नवल वाटलं ना? चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. या ओढाताणीत त्यांना बारीक बारीक इजा होते आणि एक-दोन दिवसांनी पाय ठणकू लागतात. त्यातून दमलेले पाय लटपटतात, घसाऱ्यावर बूट सरकतो आणि पाय मुरगळतो. डोंगरात पाय मुरगळला तर दाराशी रिक्षा येत नाही, बरं का!

रायगडच्या हिरकणीची गोष्ट आठवते? गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरून गेली, असं सांगतात. गडावर रोज दूध घेऊन जाणारी ती गवळण लोकांच्या लक्षात राहिली ती उतरण्यामुळे!

म्हणून उतरायची शक्ती चढतानाच शिल्लक ठेवा. उतारावर पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवा. शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. अंधारात आणि शिडीवर धावायचं नाही म्हणजे नाही!

आणि हो, जवळच्या टेकडीवर पहाटे एकट्याने पळायला जाऊ नका. बोरिवली-मुलुंडच्या डोंगरांत बिबटे आहेत. संध्याकाळ ते पहाट ही त्यांची फिरायची वेळ. राष्ट्रीय उद्यानात जायचं तर ते उघडल्यावर, आई-बाबांना घेऊन जा.

तोवर घरी एक प्रयोग करा. स्वस्थ बसून मनगटाची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. मग जिन्याचे चार मजले चालत चढा आणि लगेच पुन्हा मोजा. पाच मिनिटं थांबा, सावकाश उतरा आणि परत मोजा. तिन्ही आकडे वहीत लिहा. उतरल्यावरचा आकडा कमी आला? छाती म्हणेल, "उतरणं किती सोपं!" गुडघ्यांना काय वाटतं, ते बाबांना किंवा आजोबांना विचारा.