झोत कुठे थांबतो?

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकात उभं राहिलं की कमानी, श्रीराम सेंटर, राष्ट्रीय नाट्य विद्यालय सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. विद्यालयाच्या भारत रंग महोत्सवात (सुरुवात १९९९) बाहेरगावचे संघ येतात, तेव्हा प्रकाशयोजनाकाराला अनोळखी कन्सोल (दिवे नियंत्रित करण्याचा फलक) हाताळावा लागतो. मग कन्सोलची निवड कशावरून करायची?

आधी कन्सोल दिव्यांशी कसा बोलतो ते पाहू. डीएमएक्स ५१२ या पद्धतीत एका वायरीवरून ५१२ वाहिन्या जातात. एका मूव्हिंग लाइटला ३२ वाहिन्या लागल्या, तर १६ दिव्यांतच वायर भरली. पण खरी गंमत अचूकतेत आहे. ५४० अंश फिरणाऱ्या दिव्याला एकच वाहिनी दिली, तर २५६ पायऱ्या मिळतात; एक पायरी दोन अंशांहून थोडी जास्त. दहा मीटरवर हा झोत एका पायरीत सुमारे ३७ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे नटाच्या चेहऱ्यावरून थेट खांद्याबाहेर! दोन वाहिन्या जोडल्या की पायऱ्या ६५,५३६ होतात.

आता निवडीकडे. नाटकाला क्रमाने चालणारे क्यू, म्हणजे साठवून ठेवलेले प्रकाशबदल, हवेत. तिथे मला ईटीसीचा इऑस कन्सोल आवडतो. गाण्याच्या मैफलीत ऐनवेळी बोटं चालवायची असतात, तिथे अ‍ॅव्होलाइट्स सोयीचा. मोठ्या सोहळ्यांना ग्रँडएमए.

दौऱ्यावर जाणाऱ्यांनी एक मात्र नक्की करावं: झोतांच्या जागा थेट क्यूमध्ये न भरता पॅलेटमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या सामायिक नोंदीत, साठवाव्यात. नव्या रंगमंचावर ‘खुर्ची’ हे एकच पॅलेट दुरुस्त केलं की त्यावर बेतलेले सगळे क्यू आपोआप सुधारतात.