स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना मी एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी काय हवे? उत्तरे नाना प्रकारची येतात, पण एक मागणी चुकत नाही. ‘रोज रात्री आपोआप स्नॅपशॉट निघावा आणि महिनाभर राहावा.’ कशासाठी, असे विचारले की लगेच ऐकू येते, ‘म्हणजे बॅकअपची काळजी मिटली!’

हे ऐकले की मला राग येतो. मागणाऱ्याला फक्त सोय हवी असते, हे मला कळते. पण या समजुतीची किंमत त्या सर्व्हरवर ज्यांचे पगार, खाती आणि दवाखान्यातल्या नोंदी असतात, ते लोक मोजतात. म्हणून एकदा नीट समजून घेऊ.

परीक्षेतली उत्तरपत्रिका आठवा. मूळ उत्तरपत्रिका भरली की पुरवणी जोडतात. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की जवळपास तेच होते. व्हर्च्युअल मशीनची मूळ डिस्क फाइल तिथेच गोठते आणि त्यापुढचे सगळे लिखाण एका नव्या ‘डेल्टा’ फाइलमध्ये जाते. दुसरा स्नॅपशॉट म्हणजे दुसरी पुरवणी. मशीनला काही वाचायचे असेल तर आधी शेवटची पुरवणी चाळायची, तिथे नसेल तर त्याआधीची, तिथेही नसेल तर मूळ फाइल. हायपर-व्हीमध्येही मांडणी अशीच आहे. तिथे 2012 आर2 या आवृत्तीपासून त्याला ‘चेकपॉइंट’ म्हणतात. झेडएफएससारख्या स्टोरेजची अंतर्गत पद्धत वेगळी आहे, पण तिथेही स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर राहतो.

आता सांगा, मूळ उत्तरपत्रिका हरवली तर नुसत्या पुरवणीला गुण मिळतील का? स्टोरेज बिघडले, मूळ फाइल खराब झाली किंवा कोणी चुकून मशीनच डिलीट केले, की स्नॅपशॉटही गेला. बॅकअपची पहिली अट अशी की मूळ वस्तू नष्ट झाली तरी तो शाबूत राहिला पाहिजे. स्नॅपशॉट ही पहिलीच अट मोडतो.

यावर ‘आमच्याकडे तर तीन वर्षे असेच चालले आहे’ असे कोणी म्हणेल, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, उत्पादकाचे वाचा. स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नका, असे व्हीएमवेअरची मार्गदर्शक सूचना थेट सांगते. एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हेही तिथेच आहे. साखळीत 32 स्नॅपशॉट चालतात, पण वेग राखायचा तर 2 ते 3 पुरेत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे ‘रोज एक आणि महिनाभर’ ही मागणी 72 तास आणि 2 ते 3 या दोन्ही आकड्यांच्या विरुद्ध जाते. चेकपॉइंट हे पूर्ण बॅकअप नव्हेत, असे मायक्रोसॉफ्टनेही लिहून ठेवले आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसारख्या, अनेक सर्व्हरवर माहिती जुळती ठेवणाऱ्या यंत्रणांमध्ये त्यामुळे विसंगती येऊ शकते, असा इशाराही दिला आहे.

72 तासांमागे साधे कारण आहे. डेल्टा फाइल वाढत जाते आणि वाढता वाढता मूळ डिस्कएवढी होऊ शकते. 500 जीबीच्या डेटाबेस सर्व्हरचा स्नॅपशॉट विसरून गेलात, तर तो आणखी 500 जीबी खाऊ शकतो. जागा संपली की त्या स्टोरेजवरची ज्यांना लिहायला जागा लागते ती मशीन्स थांबतात, ज्यांनी स्नॅपशॉट कधी घेतलाच नव्हता तीसुद्धा. शिवाय जुना स्नॅपशॉट काढताना साठलेले सगळे लिखाण मूळ डिस्कमध्ये मिसळावे लागते, आणि तो काळ त्या मशीनला जड जातो.

याहून गंभीर धडा फेब्रुवारी 2023 मध्ये मिळाला. ‘ईएसएक्सआय-आर्ग्स’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातले व्हीएमवेअरचे सर्व्हर गाठले. अमेरिकेच्या सिसा आणि एफबीआय या संस्थांच्या सूचनेत 3,800 हून अधिक सर्व्हरचा उल्लेख आहे. ज्या फटीतून शिरकाव झाल्याचे सांगितले गेले, तिची दुरुस्ती दोन वर्षे आधी, 2021 मध्येच उपलब्ध झाली होती. या सॉफ्टवेअरने थेट होस्टवर जाऊन मशीनच्या फाइल्सना कुलूप लावले. कोणत्या फाइल्स? डिस्कच्या, सेटिंगच्या, आणि हो, स्नॅपशॉटची नोंद ठेवणाऱ्याही. ज्या घराला आग लागते, त्याच घरातल्या कपाटात विम्याचे कागद ठेवल्यासारखे हे आहे.

या समजुतीचे दुसरे टोकही तितकेच चुकीचे आहे: ‘स्नॅपशॉट घेता येत नाही, म्हणजे बॅकअपही घेता येत नाही.’ ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतले आणि कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. तेव्हापासून अनेक संस्था प्रॉक्समॉक्स या व्हिएन्नातल्या कंपनीच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरकडे वळल्या. यांतल्या अनेक संस्थांकडे आधीपासून सॅन स्टोरेज होते. त्यावर साध्या एलव्हीएमने डिस्क मांडल्या, की प्रॉक्समॉक्समध्ये स्नॅपशॉट घेता येत नसे. ‘हे द्या’ ही मागणी वर्षानुवर्षे झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये आवृत्ती 9.0 मध्ये ती सोय प्राथमिक स्वरूपात आली. चांगली गोष्ट आहे. पण तोपर्यंत ‘आता बॅकअप कसा घ्यायचा?’ म्हणून हात टेकणाऱ्यांनी विनाकारण धोका पत्करला.

कारण प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपला स्टोरेजच्या स्नॅपशॉटची गरजच नव्हती. हे त्यांच्या अधिकृत पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. चालू मशीनचा बॅकअप ते मशीन चालवणारे क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर स्वतः घेते. अजून उचलला न गेलेला एखादा भाग मशीन बदलायला निघाले, की आधी त्या भागाची जुनी प्रत बॅकअपकडे जाते आणि मगच नवे लिखाण होते. गोंधळ नावामुळे होतो: या पद्धतीच्या पर्यायालाही ‘स्नॅपशॉट मोड’ असेच म्हणतात. यात एक खरी अडचण होती. बॅकअपचे ठिकाण मंद असेल तर मशीनही मंदावे. त्यावर 2024 च्या आवृत्ती 8.2 मध्ये ‘फ्लीसिंग’ आले. जुन्या प्रती आधी जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवायच्या आणि तिथून सवडीने पाठवायच्या.

मग स्नॅपशॉट निरुपयोगी का? अजिबात नाही. अपडेट लावण्याआधी घ्या, सगळे ठीक चालले की काढून टाका. व्हीएमवेअरवर बॅकअपची सॉफ्टवेअरसुद्धा तात्पुरता स्नॅपशॉट घेतात, त्यातून डेटा बाहेर नेतात आणि काम झाले की तो पुसतात. रंगकाम होईपर्यंत परांची बांधतात, कायमचे घर म्हणून नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘हाय अव्हेलेबिलिटी लावली की सर्व्हर बंद पडतच नाही.’ होस्ट कोसळला की मशीन दुसऱ्या होस्टवर नव्याने बूट होते. मेमरीत जे होते ते जाते.

‘दोन होस्टचे क्लस्टर पुरते.’ प्रॉक्समॉक्समध्ये निर्णय बहुमताने होतो आणि दोनपैकी एक हे बहुमत नव्हे. तिसरे मत लागतेच.

‘व्हीसीपीयू वाढवले की मशीन पळते.’ होस्टवर आधीच गर्दी असेल तर जास्त व्हीसीपीयूचे मशीन रांगेत अधिक वेळ उभे राहू शकते.

‘थिन डिस्कमधली फाइल पुसली की जागा परत मिळते.’ आतल्या सिस्टिमने ट्रिमचा निरोप खालच्या स्टोरेजपर्यंत पोचवला तरच.

‘केव्हीएम हे हौशी लोकांचे खेळणे आहे.’ 2007 पासून ते लिनक्सच्या गाभ्यात आहे, आणि गुगल क्लाउड त्यावरच उभे आहे.

आता पुन्हा मागण्यांच्या यादीकडे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे जरूर मागा, पण हे मागा. तीन दिवसांहून जुना स्नॅपशॉट पहिल्याच पानावर लाल रंगात दिसू दे. होस्टला बॅकअप लिहिता येईल पण पुसता येणार नाही, अशी परवानगी मुळातच लावलेली असू दे. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप सर्व्हरमध्ये ती आजही लावता येते, पण मुद्दाम लावावी लागते. आणि दर आठवड्याला एखादे मशीन वेगळ्या, बंद नेटवर्कवर आपोआप रिस्टोर होऊन, सुरू होऊन दाखवू दे.

हे सगळे येईपर्यंत येत्या शनिवारी हाताने करा. तुमचे सर्वांत महत्त्वाचे मशीन बॅकअपमधून वेगळ्या नेटवर्कवर उभे करा, लॉगिन करा, शुक्रवारची शेवटची नोंद उघडून पाहा. त्याला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. ‘सर्व्हर गेला तर परत यायला किती वेळ लागेल?’ असे कोणी विचारले, तर सांगायचा खरा आकडा तोच.