दहा दिवसांत उतरते ते वजन कशाचे?

गादीवर बसून धंदा करणाऱ्याचे पोट सुटायला वेळ लागत नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत हालचाल काय ती ठाण सोडण्याची आणि गुंडाळण्याची. त्यात दर गिऱ्हाइकामागे एक चहा. म्हणूनच 'दहा दिवसांत शरीर आतून साफ, वजनही कमी' असे सांगणारे डिटॉक्सचे चहा, पुड्या आणि सरबते आपल्या बाजारपेठेत खपू लागली आहेत. हा माल दुकानात ठेवा, अशी गळ आम्हालाही घातली गेली. माल उचलण्याआधी त्याचा पोत पाहण्याची आमची सवय आहे, म्हणून थोडी चौकशी केली.

या मालाचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला. स्टॅन्ली बरोज नावाच्या गृहस्थाने 1940 च्या दशकात लिंबू-सरबताचा उपवास काढला आणि 1976 मध्ये त्यावर 'द मास्टर क्लिन्झर' हे पुस्तक लिहिले. बरोज डॉक्टर नव्हता. रक्ताच्या कर्करोगाच्या 24 वर्षांच्या एका रुग्णाला त्याने हेच सरबत दिले आणि तो रुग्ण दगावला. 1984 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा रद्द केली, पण विनापरवाना वैद्यकी केल्याचा गुन्हा कायम ठेवला. एवढे होऊनही पुस्तक खपतच राहिले.

या उपवासाचे तीन टप्पे. आधी दोन-तीन दिवस मांस, तळण, चहा-साखर सोडून फळे-भाज्यांवर यायचे. मग किमान दहा दिवस फक्त सरबत: दोन मोठे चमचे लिंबाचा रस, तितकेच मेपल झाडाचे सिरप, चिमूटभर लाल तिखट आणि पेलाभर पाणी. असे दिवसाला सहा ते बारा पेले. जोडीला सकाळी मिठाचे पाणी आणि रात्री जुलाबाचा चहा. शेवटी संत्र्याचा रस, भाजीचे सूप असे करत जेवणावर परत यायचे. याला रोज्याची उपमा देणारेही भेटतात. रोजा सूर्यास्ताला सुटतो. इथे दहा दिवस इफ्तारच नाही.

वजन उतरते, हे खरे. पण हिशेब करून पाहा. सरबतातून दिवसाला सुमारे हजार कॅलरी मिळाल्या आणि शरीराला दोन हजार लागत असतील, तर दहा दिवसांची तूट दहा हजारांची. एक किलो चरबी म्हणजे जवळपास 7,700 कॅलरी. म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. काट्यावर चार-पाच किलो कमी दिसले, तर उरलेले पाणी आणि रिकामी झालेली आतडी. शरीरात साठलेल्या साखरेच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा मोडला की तेही जाते. भिवंडी-मालेगावच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. सायझिंगमध्ये ताण्याला खळ दिलेले कोरे कापड तराजूत भरते आणि धुतले की हलके होते. सूत तेवढेच राहते. फरक इतकाच की, जेवण सुरू झाले की शरीराला ही खळ पुन्हा चढते.

मग लिंबाचा गुण काय? 2015 मध्ये कोरियात 84 स्त्रियांवर प्रयोग झाला. सात दिवस सरबत आणि चार दिवस हळूहळू जेवण. दुसऱ्या गटाला तेवढ्याच कॅलरींचे बिनलिंबाचे पेय दिले होते. वजन दोन्ही गटांचे सारखेच उतरले. काम उपाशी राहण्याने केले, नाव लिंबाचे झाले. आणि शरीर 'धुण्याचे' म्हणाल तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात, तेही फुकट.

धोका कुणाला, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. आपल्या धंद्यात मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहे. या सरबताच्या एका पेल्यात 24-25 ग्रॅम साखर असते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कुणी असा उपवास केला, तर साखर कधी चढेल आणि कधी एकदम कोसळेल याचा नेम नाही. गल्ल्यावर बसल्याजागी शुद्ध हरपू शकते. मिठाच्या पाण्याचा डोस दोन छोट्या चमच्यांचा, म्हणजे दहा ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. जुलाबाने पोटॅशियम जाते, प्रथिने नसल्याने स्नायू झडतात, आणि वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

आमच्या मते खरी गोम तिसऱ्या टप्प्यात आहे. वजन टिकते ते त्यानंतरच्या वर्षभरात. रोज चालण्याने, दोन घास कमी खाण्याने. पण त्या वर्षात विकायला काहीच नसते. म्हणून सगळी जाहिरात मधल्या दहा दिवसांची, आणि वजन परतले की तेच गिऱ्हाईक पुन्हा तोच डबा मागते. व्यापारी म्हणून बघितले तर असा माल हेवा वाटावा असाच!

मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिटॉक्स चहा विकणाऱ्या टीमी या कंपनीकडून निराधार दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर वसूल केले. आपल्याकडे 1954 चा औषधे व जादुई उपचार कायदा आहे. ज्या रोगांवरच्या औषधांची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही आहे. ही बंदी जाहिरात छापणाऱ्यापुरती नाही. जाहिरातीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. तेव्हा कंपनीचा माणूस औषधाची अशी पाटी फुकट देतो म्हणून दुकानाबाहेर टांगण्याआधी ती वाचून घ्यावी.