चषक जिंकला, पैज हरली

सोमवार, १९ डिसेंबर २०२२. शाखेचे व्यवहार सुरू होऊन जेमतेम पंधरा मिनिटे झाली होती. एक तरुण ग्राहक मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसला. ठेवीची मुदत पूर्ण होण्यास अद्याप सात महिने बाकी होते, तरी ती आजच मोडावयाची होती. त्याच्या वडिलांचे खाते आमच्याकडेच असल्याने मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो. घरी कोणी आजारी आहे काय, असे विचारले. तो काही क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, काल अर्जेंटिना जिंकली. मी अर्जेंटिनावरच पैसे लावले होते. तरी सगळे गेले."

मित्रांकडून उसने घेऊन एका परदेशी संकेतस्थळावर त्याने ही रक्कम लावली होती. आपली फसवणूक झाली, असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात त्या संकेतस्थळाने आपला छापील नियमच पाळला होता. तो नियम मात्र या तरुणाने वाचलेला नव्हता. पैज लावणे योग्य की अयोग्य हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी या व्यवहाराची घडण समजून घेणे पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला उपयुक्त ठरेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

नव्वद मिनिटांचा नियम

फुटबॉलच्या साखळी सामन्यात विजय, पराजय व बरोबरी असे तीन निकाल संभवतात. बाद फेरीत मात्र एक संघ पुढे जाणे आवश्यक असते. म्हणून बरोबरी झाल्यास तीस मिनिटांचा जादा वेळ खेळविला जातो व तरीही कोंडी न फुटल्यास पेनल्टी शूटआउटने निर्णय होतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने अखेरीस जो संघ पुढे गेला तो विजयी. सट्ट्याच्या बाजारात मात्र 'सामन्याचा निकाल' या नावाने घेतली जाणारी पैज सर्वसाधारणपणे नव्वद मिनिटे व त्यात पंचांनी वाढविलेला भरपाईचा वेळ एवढ्यापुरतीच मर्यादित असते. जादा वेळेतील गोल तेथे जमेस धरले जात नाहीत. 'चषक कोण उंचावणार' ही पैज निराळी आणि तिचा भावही निराळा.

आता कतारमधील त्या अंतिम सामन्याकडे पाहू. मेस्सी व दी मारिया यांच्या गोलांमुळे अर्जेंटिना ७९ व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडीवर होती. ८० व्या व ८१ व्या मिनिटाला एम्बापेने लागोपाठ दोन गोल केले आणि नव्वद मिनिटांचा खेळ २-२ असा बरोबरीत संपला. जादा वेळेनंतर धावफलक ३-३ असा होता. पुढे पेनल्टीमध्ये अर्जेंटिनाने ४-२ अशी सरशी साधली. चषक अर्जेंटिनाला मिळाला. बाजाराच्या वहीत मात्र त्या सामन्याचा निकाल 'बरोबरी' असाच नोंदला गेला.

हा प्रकार अपवादात्मक आहे काय? मुळीच नाही. २००६ ते २०२२ या काळातील विश्वचषकाचे पाच अंतिम सामने पाहावेत. २००६ मध्ये इटली व फ्रान्स १-१ बरोबरीत राहिले व पेनल्टीवर निर्णय झाला. २०१० मध्ये स्पेनच्या इनिएस्ताचा गोल ११६ व्या मिनिटाला आला, तर २०१४ मध्ये जर्मनीच्या गोट्झेचा ११३ व्या मिनिटाला. नव्वद मिनिटांत निकाल लागला तो केवळ २०१८ मध्ये, फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ असे हरविले तेव्हा. पाचपैकी चार अंतिम सामने नव्वद मिनिटांअखेर बरोबरीत होते. स्पर्धा अंतिम टप्प्यात आली की संघ तुल्यबळ होतात, प्रत्येकजण सावध खेळतो आणि बरोबरीची शक्यता वाढते.

भाव म्हणजे काय?

सट्टेवाला प्रत्येक संभाव्य निकालाला एक भाव देतो. भाव ४ असेल, तर १०० रुपये लावणाऱ्यास जिंकल्यावर मूळ रकमेसह ४०० रुपये मिळतात. या भावाने १ ला भागले असता बाजाराने गृहीत धरलेली संभाव्यता निघते. म्हणजे भाव ४ याचा अर्थ २५ टक्के, भाव २.५० याचा अर्थ ४० टक्के. भाव जितका मोठा, तितकी आशा कमी.

आता उपांत्य फेरीतील चार संघांचे उदाहरण कल्पू. विजेतेपदासाठी 'अ' संघाचा भाव २.५०, 'ब' व 'क' यांचा प्रत्येकी ४ आणि 'ड' संघाचा ५ आहे. संभाव्यता अनुक्रमे ४०, २५, २५ व २० टक्के होतात. चौघांपैकी एकजण निश्चित जिंकणार असल्याने ही बेरीज १०० यावयास हवी. प्रत्यक्षात ती ११० येते. वरचे हे दहा म्हणजेच सट्टेवाल्याची कमाई.

उपरोक्त भावांवर ग्राहकांनी 'अ' संघावर ४०,००० रुपये, 'ब' व 'क' यांवर प्रत्येकी २५,००० रुपये व 'ड' वर २०,००० रुपये लावले असे समजा. एकूण जमा झाले १,१०,००० रुपये. 'अ' जिंकला तर द्यावे लागतात ४०,००० गुणिले २.५०, म्हणजे एक लाख. 'ब' किंवा 'क' जिंकला तर २५,००० गुणिले ४, म्हणजे पुन्हा एक लाख. 'ड' जिंकला तरीही २०,००० गुणिले ५, म्हणजे एक लाखच. चषक कोणीही नेवो, दहा हजार रुपये सट्टेवाल्याच्या गल्ल्यात उरतात. एखाद्या संघावर प्रमाणाबाहेर पैसा येऊ लागला की त्याचा भाव उतरविला जातो व इतरांचे भाव चढविले जातात, जेणेकरून हा तोल ढळू नये. सामना चालू असतानाही भाव असेच क्षणाक्षणाला हलतात. त्यातच दूरचित्रवाणीवरील चित्र काही सेकंद उशिराने पोहोचते. म्हणजे आपण पाहतो ते बाजाराला आधीच ठाऊक झालेले असते.

या दहा हजारांचे एकूण रकमेशी प्रमाण सुमारे ९ टक्के पडते. एका पैजेत ते किरकोळ भासते. परंतु बाद फेरीचा मोह हा की जिंकलेली रक्कम पुढच्या फेरीत पुन्हा लावावी. प्रत्येक वेळी हेच प्रमाण धरले, तर सरासरीने १०० रुपयांचे उपउपांत्य फेरीनंतर ९१, उपांत्यपूर्व फेरीनंतर ८३, उपांत्य फेरीनंतर ७५ आणि अंतिम सामन्यानंतर ६८ उरतात. बचतीला चक्रवाढ व्याज लागू होते, हे आपण जाणतोच. येथे चक्रवाढ उलट्या दिशेने चालते.

ग्रीसची गोष्ट

या गणितावर हमखास आक्षेप घेतला जातो तो असा, की कोणाचे तरी नशीब उघडतेच ना! त्यासाठी २००४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा दाखला दिला जातो. तोपर्यंत ग्रीसने कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही सामना जिंकला नव्हता. स्पर्धेपूर्वी ग्रीसच्या विजेतेपदाला ८० ते १५० पटींचे भाव दिले जात होते. जर्मन प्रशिक्षक ऑटो रेहागल यांच्या या संघाने उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला, उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताकाला आणि ४ जुलै २००४ रोजी लिस्बन येथे यजमान पोर्तुगालला, प्रत्येक वेळी १-० अशाच फरकाने, नमविले.

फुटबॉलमध्ये असे घडू शकते, कारण गोल मोजके होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनहूनही कमी. जेथे एक गोल निर्णायक ठरतो, तेथे दुबळ्या संघालाही संधी असते. पण ज्या खेळात दुबळा संघ जिंकू शकतो, त्या खेळात बलाढ्य संघाची 'खात्री' कोणीच देऊ शकत नाही, हेही त्यातच आले. शिवाय ग्रीसवर पैसे लावणाऱ्याची कथा सर्वतोमुखी होते. अन्य पंधरा संघांवर पैसे लावणाऱ्यांची कथा कोणी सांगत नाही.

येथे जोखीम व्यवस्थापनाशी निगडित एक भेद नमूद करणे आवश्यक वाटते. निर्यातदार डॉलरचा वायदा करार करतो, शेतकरी पिकाचा विमा उतरवितो. त्यांची जोखीम धंद्यातून आधीच उद्भवलेली असते आणि ते ती कमी करण्यासाठी पैसे मोजतात. पैज लावणाऱ्यापुढे आदल्या दिवशी कोणतीही जोखीम नसते. तो पैसे मोजून ती निर्माण करतो. दोन्ही व्यवहारांत अनिश्चितता आहे, परंतु त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे.

'खात्रीची बातमी'

अंतिम टप्प्यात मोबाईलवर 'अचूक भाकिते' येऊ लागतात. त्यामागील क्लृप्ती साधी आहे. समजा, एखाद्याने उपांत्यपूर्व सामन्यापूर्वी ८०० जणांना संदेश पाठविले. ४०० जणांना एक संघ जिंकेल असे कळविले, उरलेल्या ४०० जणांना दुसरा. ज्यांना अचूक भाकीत मिळाले त्या ४०० जणांना उपांत्य सामन्यापूर्वी पुन्हा निम्मे-निम्मे संदेश. उरले २००. अंतिम सामन्यानंतर १०० जण असे राहतात, की ज्यांनी लागोपाठ तीन अचूक भाकिते 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलेली असतात. पुढच्या स्पर्धेत हेच शंभर जण शुल्क भरण्यास तयार होतात.

२०१० च्या विश्वचषकात जर्मनीतील ओबरहाउझेन येथील मत्स्यालयात पॉल नावाच्या ऑक्टोपसने जर्मनीचे सात सामने व अंतिम सामना अशी आठही भाकिते अचूक वर्तविली होती. दोन पर्यायांतून लागोपाठ आठ वेळा योगायोगाने अचूक निवड होण्याची शक्यता २५६ मध्ये एक आहे. जगभर असंख्य भाकिते होत असताना एखादे असे निघणे स्वाभाविकच होय.

कायदा आणि आपली बँक

ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानंतर १९६१ पासून पैजेची दुकाने अधिकृतपणे सुरू झाली. तरीही तेथे एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर पैज लावण्यास मनाई आहे. कर्जाऊ पैशाने जुगार खेळला जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

आपल्याकडील स्थिती अधिक कडक आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० अन्वये पैजेचा करार शून्यवत असतो. जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून न्यायालयात दावा लावता येत नाही. चालू खात्यावरील विदेशी विनिमय व्यवहारांच्या २००० च्या नियमांत ज्या कारणांसाठी परदेशी पैसा पाठविण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत लॉटरीच्या तिकिटांबरोबर 'फुटबॉल पूल्स'चा स्पष्ट नामोल्लेख आहे. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियम संमत केला. त्यात पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना व त्यांच्यासाठी बँकांमार्फत होणाऱ्या रकमेच्या देवघेवीलाही प्रतिबंध आहे.

ग्राहक व कर्मचारी या दोघांनीही सर्वाधिक सावध राहावे ते भाड्याच्या खात्यांबाबत. बेकायदा सट्टा चालविणाऱ्यांना पैसे फिरविण्यासाठी इतरांची खाती लागतात. 'तुमचे खाते व एटीएम कार्ड महिनाभर द्या, कमिशन मिळेल' असे आमिष विद्यार्थ्यांना व बेरोजगार तरुणांना दाखविले जाते. पोलीस तपासात असे खाते गोठविले जाते आणि उत्तरे द्यावी लागतात ती खातेदाराला. शांत असलेल्या बचत खात्यात अनोळखी व्यक्तींकडून लहानलहान रकमा वारंवार जमा होऊन तत्काळ बाहेर जाऊ लागल्या, तर कर्मचाऱ्यांनी ती बाब त्वरित वरिष्ठांच्या निदर्शनास आणावी. ग्राहकाची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात.

त्या सोमवारी मी त्या तरुणाला कागदावर २-२ हा आकडा लिहून नव्वद मिनिटांचा नियम समजावून दिला. बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. "म्हणजे मी काय विकत घेतलं, हेच मला माहीत नव्हतं," एवढेच तो म्हणाला. ठेव मोडण्याऐवजी तिच्या तारणावर कर्ज घेता येते, ही माहिती मी त्याला दिली. मित्रांची देणी त्याने त्यातून भागविली व कर्ज पगारातून सहा हप्त्यांत फेडले. ठेवीची मुदत पूर्ण झाली तेव्हा ती अबाधित होती.

फुटबॉलचा आनंद रात्र जागवून लुटण्यासारखाच आहे. कोल्हापूरच्या पेठांपासून गोव्यापर्यंत आणि कोलकात्याच्या गल्ल्यांपर्यंत विश्वचषकाच्या दिवसांत जो उत्साह ओसंडतो, त्यासाठी एक रुपयाही लावावा लागत नाही. मात्र कोणताही आर्थिक व्यवहार करण्यापूर्वी आपण काय घेत आहोत, समोरच्याचा नफा कोठून येतो आणि वाद उद्भवल्यास दाद कोठे मागता येईल, हे तीन प्रश्न स्वतःला अवश्य विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे शोधण्याचे कारण उरत नाही.