भरिताची अंगत-पंगत : काही गैरसमज

मार्गशीर्षाची थंडी पडली आणि कपाशीची वेचणी सरत आली, म्हणजे जळगाव जिल्ह्यातील मळ्यांत सुट्टीच्या दिवशी ज्या भरीत-पार्ट्या होतात, त्यांविषयी बाहेरच्या मुलखात जे समज रूढ आहेत, त्यांतील पहिला असा की, पाहुण्यांना आपापला डबा आणावयास सांगणे हा यजमानाचा कंजूषपणा असून ही रीत विलायतेहून आली. वस्तुतः आपापली शिदोरी सोडून ती सर्वांत वाटून खाण्यास मराठीत 'अंगत-पंगत' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि दरवर्षीचा गोपाळकाला ज्या कथेचे स्मरण करून देतो, तीही गोपाळांनी एकत्र केलेल्या शिदोऱ्यांचीच होय. यजमानाकडे विस्तव, वांगी आणि सावली, आणि बाकीचा जिन्नस पाहुण्यांकडे, इतकाच हा करार. मात्र कोणी काय आणावयाचे याची यादी आधी ठरली नाही, तर चार घरांतून चार डबे ठेच्याचेच येतात आणि भाकरी एकही येत नाही, हा प्रस्तुत लेखकाचा स्वानुभव आहे.

दुसरा समज, वांगे कोणतेही चालते. भरितासाठी येथे पिकणारे वांगे मोठे, फिकट हिरवे व अल्प बियांचे असते, यावल तालुक्यातील बामणोदचे वांगे त्यासाठी विशेष नावाजलेले आहे, आणि 'जळगाव भरीत वांगे' यास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ते तेलाचा हात लावून, सुरीने टोचून (न टोचल्यास आतल्या वाफेने ते फुटते, आणि शेजारी बसलेल्याच्या सदऱ्याचा निकाल लागतो) पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्यांवर भाजतात. मग साल काढून, लाकडी पात्रात ठेचून, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे व कोथिंबीर मिसळतात. गॅसवर एकेक वांगे भाजून होते ते भरीत खरे, परंतु पऱ्हाटीच्या धुराचा वास त्यात उतरत नाही.

तिसरा समज असा की, खानदेशी तिखटपणा अनादि आहे. वांगे आपलेच, परंतु मिरची पोर्तुगीजांच्या हस्ते सोळाव्या शतकात या देशी आली, व शेंगदाणाही मूळचा अमेरिकेचा. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा ताटात येण्याचा रिवाज अनेक घरांत आहे, तेव्हा भरिताची पंगत ही निव्वळ मौजेची टूम, असेही म्हणता येत नाही.

भरीत एकट्या जळगावचे, हा दावा धुळेकरांपुढे करू नये. 1906 साली सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करून एकाची कचेरी जळगावास, दुसऱ्याची धुळ्यास ठेवली खरी, पण चुलींची वाटणी कोणत्याही हुकुमाने झाली नाही; ज्वारीत अख्खे उडीद व मीठ घालून दळलेल्या कळण्याची भाकरी दोन्हीकडे सारख्याच आवडीने खाल्ली जाते.

पेयांचा थाट अनावश्यक आहे. ताक पुरे होते. ते सावलीत ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवावे, आणि भाताचा डबा शिजल्यानंतर दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. काड्या मात्र यजमानाने आदल्या दिवशीच झाकून ठेवाव्यात, कारण पहाटेच्या दवाने भिजलेली पऱ्हाटी धूर भरपूर देते, आच देत नाही.